दहावीच्या वर्षात पालकांनी काय सांभाळावे आणि काय मुलांवर सोडावे

नववीचा निकाल लागला की मे महिन्यातच अनेक घरांत दहावीचे वर्ष सुरू होते. सुट्टीतल्या बॅचची फी भरली जाते, टीव्हीचे रिचार्ज बंद करायचे का यावर चर्चा होते आणि यंदा कोठेही येणार नसल्याचे नातेवाइकांना कळवले जाते. या तयारीमागची कळकळ खरी असते. पण तिचा बराचसा भाग परीक्षेशी फारसा संबंध नसलेल्या गोष्टींवर खर्च होतो आणि जी कामे केवळ पालकच करू शकतात ती राहून जातात. पंधरा वर्षांच्या मुलाचा अभ्यास दुसऱ्या कोणालाही करता येत नाही. त्याच्या भोवतीचे घर, वेळेची मोकळीक, कागदपत्रे, प्रवास, आरोग्य आणि निकालानंतरचे निर्णय हे मात्र त्याच्या एकट्याच्या आवाक्यातले नसते. पालकांनी हा दुसरा भाग पूर्णपणे आपल्याकडे घ्यावा आणि पहिल्यात शक्य तितका कमी हात घालावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सूचना महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला धरून आहेत. इतर मंडळांच्या पालकांनी गुणांचे व अर्जांचे नियम आपल्या शाळेतून समजून घ्यावेत.

आधी परीक्षा समजून घ्यावी

अनेक पालकांच्या मनात त्यांच्या स्वतःच्या काळातली दहावी असते आणि सल्लेही त्याच आधारावर दिले जातात. म्हणून जूनमध्येच मुलाची पाठ्यपुस्तके एकदा स्वतः चाळावीत. परीक्षा सहा विषयांची आणि ६०० गुणांची असते. प्रत्येक विषयात ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. गणिताचे भाग १ आणि भाग २, विज्ञान व तंत्रज्ञानाचे दोन भाग, तसेच इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढली जाते; घरोघरी याला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणतात.

या आराखड्यातून काही गोष्टी सरळ निघतात. सहा विषयांचे मिळून १२० गुण शाळेत, वर्षभराच्या कामातून मिळवायचे असतात. क्लासच्या चाचणीसाठी मुलाला शाळेतून घरी ठेवणारे पालक नेमके या गुणांचे नुकसान करतात, शिवाय जे शिक्षक हे मूल्यमापन करणार त्यांच्याशी असलेला मुलाचा दुवाही सैल होतो. दुसरे असे की बेस्ट ऑफ फाइव्हच्या भरवशावर काही मुले एखादा नावडता विषय मनातून सोडून देतात. तो विषय टक्केवारीत धरला गेला नाही तरी त्यात उत्तीर्ण व्हावेच लागते, हे त्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

सामाजिक शास्त्रांकडे होणारे दुर्लक्ष हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगा तोटा आहे. गणित आणि विज्ञानासाठी क्लास लावला जातो, इंग्रजीची काळजी केली जाते, आणि १०० गुणांचा हा विषय शेवटच्या आठवड्यात 'वाचून होईल' असे गृहीत धरले जाते. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर उभा आहे आणि त्यात नकाशे, आलेख व फरकाची कारणे यांना महत्त्व आहे. इतिहासाचे पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरेपासून सुरू होते आणि उपयोजित इतिहासाकडे जाते. सनावळ्या पाठ करून ते हाताळता येत नाही. हे विषय ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा सावकाश वाचले गेले तर फेब्रुवारीत त्यांचे ओझे वाटत नाही.

मराठीच्या कृतिपत्रिकेबाबतही, म्हणजे कृतींवर आधारलेल्या प्रश्नपत्रिकेबाबतही, हेच म्हणता येईल. गद्य, पद्य, स्थूलवाचन, भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन असे तिचे पाच विभाग असून त्यांपैकी उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा आणि निबंध हे प्रकार मार्गदर्शकातून पाठ करून चालत नाही, ते लिहिण्याची सवय लागावी लागते. ज्या पालकांना बीजगणितात मदत करता येत नाही त्यांनाही येथे करण्यासारखे बरेच आहे. मुलाने दर रविवारी एक पान लिहावे आणि घरातल्या मोठ्यांनी ते मन लावून वाचावे. चुका लाल पेनाने काढण्याची गरज नाही. कोणते वाक्य समजले नाही आणि कोठे वाचताना रंगत आली एवढे सांगितले तरी लिहिणाऱ्याला वाचकाचे भान येते.

अभ्यासात पालकांची जागा

अभ्यासाचे वेळापत्रक मुलाने स्वतः करावे, पालकांनी ते भिंतीवर छापून लावू नये. पहिली दोन-तीन वेळापत्रके फसतील, कारण प्रत्येक धडा एका बैठकीत संपेल असे या वयात वाटते. ती फसू द्यावीत आणि पुढची अधिक वास्तव कशी होतील याबद्दल बोलावे. दररोज 'किती तास बसलास?' असे विचारल्याने मूल तास मोजायला शिकते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास शांतपणे बसून काय पूर्ण झाले, काय अडले आणि कोणाला विचारायचे एवढेच बोलावे, आणि उरलेले सहा दिवस तो विषय काढू नये. हे अवघड आहे, पण या एका बदलाने घरातली रोजची कुरबुर जितकी कमी होते तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही.

अभ्यास कसा करावा याबद्दल मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि तो येतो असा समज होतो. धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहावे, मग पुस्तकाशी ताडून पाहावे, आणि तोच धडा काही दिवसांनी, पुन्हा काही आठवड्यांनी याच रीतीने तपासावा. आठवण्याचा प्रयत्न आणि मधले अंतर या दोन्हींमुळे ज्ञान टिकते. भूमितीतील प्रमेये, भिंगांच्या किरणाकृती, आवर्तसारणीतील कल किंवा रासायनिक समीकरणे संतुलित करण्याची रीत मुलाला आपल्यासमोर समजावून सांगायला लावावी. आपल्याला त्यातले काही कळले नाही तरी हरकत नाही. सांगता सांगता ते कोठे अडखळते हे त्याचे त्यालाच उमगते.

क्लासबद्दल सरसकट मत देणे योग्य नाही. शाळेत न समजलेला भाग तेथे समजत असेल तर क्लास उपयोगी आहे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी कागदावर एक साधा हिशेब मांडावा: शाळा, क्लास, दोन्हींचा प्रवास, जेवण आणि झोप यांचे तास वजा केल्यावर मुलाच्या हातात स्वतःचा अभ्यास करायला किती वेळ उरतो? तो दोन तासांपेक्षाही कमी उरत असेल, तर शिकवलेले पचवायला जागाच राहत नाही, आणि अशा वेळी सर्व विषयांच्या क्लासऐवजी अडणाऱ्या एक-दोन विषयांपुरती मदत घेणे शहाणपणाचे ठरते.

घराची घडी

वर्षभर घर परीक्षागृहासारखे गप्प ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. गणपती, दिवाळी, घरातले एखादे लग्न यांतून मुलाला पूर्ण बाजूला काढले तर ते खोलीत बसते, पण मन बाहेरच राहते. कोणत्या दिवशी सहभागी व्हायचे आणि कोणत्या दिवशी नाही हे आधी ठरवलेले बरे. लहान घरांत जागेचा प्रश्न खरा असतो. स्वतंत्र खोली शक्य नसेल तर दिवसातले ठरावीक दोन-तीन तास घरातल्या सर्वांनी आवाज कमी ठेवावा, किंवा गावातली अभ्यासिका, शाळेची रिकामी खोली, शेजाऱ्यांची गच्ची अशी सोय पाहावी. खेळ पूर्णपणे बंद करू नये. संध्याकाळचा अर्धा-पाऊण तास घाम येईपर्यंत खेळलेले मूल रात्री अधिक चांगले बसते.

झोपेबाबत तडजोड करू नये असे मी आग्रहाने सांगेन. या वयाला ८ ते १० तासांची झोप आवश्यक मानली जाते आणि दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतच होते. पहाटे चारला उठवण्याची आपल्याकडे परंपरा आहे. पण रात्री अकराला झोपलेल्या मुलाला चारला उठवले तर ते पुस्तकासमोर बसते एवढेच. पहाटेचा अभ्यास हवा असेल तर रात्रीचे जेवण आणि झोप लवकर आणावी लागेल, आणि ते संपूर्ण घराला करावे लागेल. मोबाइलच्या बाबतीतही तसेच. अभ्यासाचे व्हिडिओ आणि शाळेचे संदेश त्याच यंत्रावर येत असल्याने संपूर्ण बंदी फार दिवस टिकत नाही. अभ्यासाच्या वेळी आणि रात्री झोपताना घरातले सर्व फोन बाहेरच्या खोलीत एका जागी ठेवण्याचा नियम करावा आणि तो आई-वडिलांनीही पाळावा.

येथे मुलींबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. दहावीतला मुलगा अभ्यासाला बसला की त्याला कोणी उठवत नाही. त्याच घरातली दहावीतली मुलगी मात्र पाणी भरते, भावंडांना सांभाळते, पाहुण्यांसाठी चहा ठेवते आणि उरलेल्या वेळात अभ्यास करते. हे सवयीने घडते, त्यामागे वाईट हेतू नसतो, म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही. एक आठवडा तिच्या कामांची नोंद ठेवावी आणि ती कामे घरातल्या इतरांत, पुरुषांसह, वाटून द्यावीत. किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण आपल्या देशात फार मोठे आहे आणि सतत येणारा थकवा किंवा लक्ष न लागणे यामागे तेच कारण असू शकते. जून-जुलैमध्येच हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपाय सुरू करावा. मासिक पाळीत तीव्र वेदना होत असतील तर त्याबद्दलही परीक्षेच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोलावे. मुलगा असो वा मुलगी, डोळ्यांची तपासणी मात्र दोघांचीही करावी.

कागदपत्रे आणि मुदती

परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात. त्या वेळी, आणि नंतर शाळा तपासणीसाठी विद्यार्थ्यांना माहितीची यादी दाखवते तेव्हा, मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, माध्यम आणि विषय अक्षर न् अक्षर तपासावेत. मुले ही यादी वर्गात घाईने पाहून सही करतात. शक्य असल्यास पालकांनी स्वतः ती पाहावी. दहावीचे प्रमाणपत्र पुढे आयुष्यभर लागते आणि नावातली एका अक्षराची चूक नंतर दुरुस्त करताना बरेच हेलपाटे पडतात.

मूल अक्षरांची उलटापालट करत असेल, तोंडी उत्तर उत्तम देऊनही लिहिताना अडकत असेल, किंवा आकडेमोडीत सातत्याने गोंधळत असेल, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमता असलेल्या आणि इतर दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, मात्र त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत वेळेत गेलेला प्रस्ताव लागतो. तपासणीसाठी रुग्णालयात अनेकदा फेऱ्या घालाव्या लागत असल्याने हे काम पहिल्या सत्रातच हाती घ्यावे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा श्रेणीसह उत्तीर्ण झालेल्यांना तसेच क्रीडा, शास्त्रीय कला व लोककला यांत पात्र ठरणाऱ्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात. तो प्रस्तावही शाळेलाच पाठवायचा असल्याने मूळ प्रमाणपत्रे शोधून ठेवावीत. ज्यांना अकरावीत आरक्षणाचा लाभ घ्यायचा आहे त्यांनी जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र इत्यादी कागद निकालाच्या गर्दीआधी काढून ठेवावेत.

पूर्वपरीक्षेनंतरचे आठवडे

साधारणपणे जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा, म्हणजे प्रिलिम, होते आणि तिचे गुण पाहून घरातला धीर सुटतो. प्रिलिमचे पेपर बरेचदा कडक तपासले जातात आणि तेव्हा पूर्ण उजळणी झालेली नसते, म्हणून एकूण गुणांवरून निष्कर्ष काढू नये. उत्तरपत्रिका मात्र अत्यंत मोलाच्या असतात. मुलासोबत त्या घेऊन बसावे आणि गेलेला प्रत्येक गुण का गेला ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. काही गुण उत्तर न आल्यामुळे जातात, काही प्रश्न नीट न वाचल्यामुळे, काही पायऱ्या किंवा एकक न लिहिल्यामुळे, काही वेळ न पुरल्यामुळे. पहिल्या प्रकाराला अभ्यास हवा. बाकीच्यांना सराव हवा, आणि एवढ्या कमी दिवसांत हीच जागा सर्वांत लवकर सुधारते.

यानंतर घड्याळ लावून, हाताने, पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्याला पर्याय नाही. ८० गुणांची तीन तासांची आणि ४० गुणांची दोन तासांची प्रश्नपत्रिका एका बैठकीत, मध्ये न उठता लिहावी, आणि शक्य असल्यास ती प्रत्यक्ष परीक्षेच्याच वेळेत लिहावी. वर्षभर मोबाइलवर पर्याय निवडण्याची सवय झालेल्या मुलांचा हात तासाभरात दुखू लागतो, आणि अक्षर बिघडते ते तेव्हाच.

परीक्षेचे दिवस

लेखी परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये सुरू होते. तारखा मंडळाने जाहीर केलेल्या अंतिम वेळापत्रकातून आणि शाळेतूनच घ्याव्यात, फिरणाऱ्या संदेशांवरून घेऊ नयेत. हॉल तिकिटावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे हे पाहून त्याच्या दोन छायाप्रती घरी ठेवाव्यात. हॉल तिकीट हरवल्यास शाळा दुसरी प्रत काढून देते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नसते. केंद्र दुसऱ्या शाळेत असल्यास आदल्या आठवड्यात, कामाच्या दिवशी आणि परीक्षेच्याच वेळेला एकदा तेथवर जाऊन यावे. रविवारी वीस मिनिटांत होणारा प्रवास सोमवारी किती वेळ खातो ते तेव्हाच कळते. सकाळच्या सत्राची प्रश्नपत्रिका अकरा वाजता मिळते आणि मुलांनी साडेदहापर्यंत उपस्थित असणे अपेक्षित असते. एसटीवर अवलंबून असलेल्या गावांत एक गाडी चुकली तर काय करायचे याची सोय, दोन-तीन घरांनी मिळून एखादी गाडी ठरवण्यासह, आधीच करून ठेवावी.

पेपर फुटल्याच्या अफवा दरवर्षी पसरतात. असा कोणताही संदेश मुलापर्यंत पोहोचू देऊ नये आणि पुढे पाठवू नये. कॉपीबद्दल पालकांची भूमिका मुले बारकाईने पाहतात. केंद्राबाहेर उभे राहून आत चिठ्ठी पोहोचवता येईल का याची कुजबुज करणारे मोठे त्या मुलाला सांगत असतात की वर्षभराच्या त्याच्या कष्टांवर त्यांचा विश्वास नाही. पेपर सुटल्यावर उत्तरे ताडून पाहू नयेत. मुलाला स्वतःहून काही सांगायचे असेल तर ऐकावे, जेवू घालावे, तासभर झोपू द्यावे आणि मग पुढच्या विषयाकडे वळू द्यावे.

मनावर आलेला ताण

थोडी भीती सगळ्यांनाच वाटते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असणे, मित्रांशी बोलणे तोडणे, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, पोट किंवा डोके सारखे दुखणे, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो' किंवा 'मी नसतो तर बरे झाले असते' अशी वाक्ये, स्वतःला इजा करून घेणे, यांतले काहीही दिसले तर त्याला अभ्यास टाळण्याचे निमित्त समजू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट मुलाला बोलण्याची वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. टेलिमानस ही केंद्र शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. परीक्षेच्या काळात मंडळही समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते.

चुलत-मावस भावंडांशी केलेली तुलना हा ताण वाढवणारा सर्वांत घरगुती प्रकार आहे. नातेवाईक ती करणारच. त्यांना उत्तर देणे हे पालकांचे काम आहे, आणि ते मुलादेखत द्यावे.

निकाल आणि त्यानंतर

निकाल बहुधा मे महिन्यात ऑनलाइन लागतो. कमी गुण मिळाले तर काय करायचे हे निकालाच्या आधी, शांत दिवशी, बोलून ठेवावे. कारण निकालाच्या दिवशी बोललेली वाक्ये मुले विसरत नाहीत. एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते आणि एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या, सवलतीने त्यांना अकरावीला प्रवेशही घेता येतो, त्यामुळे वर्ष वाया गेले हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटत असतील तर गुणपडताळणीसाठी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यावर पुढच्या अर्जाला कामकाजाचे मोजकेच दिवस असतात. म्हणून छायाप्रत हाती येताच त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवून त्यांचे मत घ्यावे.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत, त्यामुळे पसंतीक्रम भरताना गेल्या वर्षीचे कटऑफ पाहणे उपयोगी पडते. महाविद्यालय घरापासून किती लांब आहे आणि तेथे वर्ग खरोखर भरतात का याचीही चौकशी पालकांनी प्रत्यक्ष जाऊन करावी. शाखेची निवड मात्र टक्केवारीवर सोडू नये. ९० टक्के मिळालेल्या मुलाला इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकायचे असू शकते, आणि ६० टक्के मिळालेल्या मुलाला यंत्रांची आवड असेल तर आयटीआयचा किंवा पदविकेचा मार्ग त्याच्यासाठी अधिक योग्य असू शकतो. अर्ज भरण्यापूर्वी त्या क्षेत्रात काम करणाऱ्या दोन-तीन माणसांशी त्याची गाठ घालून द्यावी आणि पसंतीक्रमाची यादी त्याच्याच हाताने भरू द्यावी.